नवऱ्याच्या कंपनीला दिलेले पैसे आत्ता परत घेऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. वडोदऱ्याच्या एका ताई, वय ४८, शाळेत शिकवतात. नवरा आणि दीर मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवतात, दोघंही डायरेक्टर. ताईंनी कंपनीला मिळून १८ लाख दिलेत. २०१७ मध्ये माहेरच्या घराच्या वाटणीतून आलेले ९ लाख, २०२२ मध्ये पाटल्या आणि तोडे ठेवून काढलेल्या गोल्ड लोनचे ५ लाख, २०२४ मध्ये पीएफमधून काढलेले ४ लाख. सगळं बँकेतून गेलंय पण करारबिरार काही नाही, व्याजही कधी घेतलं नाही. आता कंपनीचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट अकाउंट एनपीए (थकीत) झालंय आणि स्टीलवाल्या सप्लायरच्या वकिलाची १ कोटी १० लाखांची डिमांड नोटीस आलीये. नवरा म्हणतो, भंगार आणि पडून राहिलेला माल विकून ६ लाख आलेत, बँकेने काही करायच्या आत तू घेऊन टाक, तुझं तरी थोडं सुटेल. दीर म्हणतात, बाकीच्या रकमेचे शेअर करून घेऊ, बॅलन्सशीट बरी दिसेल. सासूबाई म्हणतात, घरच्या धंद्यात घातलेला पैसा, त्याला कर्ज कोण म्हणतं. मुलीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन तोंडावर आहे. ताई विचारतात की कायद्याने मी या कंपनीची सावकार आहे का, असले तर माझा नंबर कितवा, आणि ते ६ लाख घेऊ का. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "२०२१ मध्ये लिमिट वाढवली तेव्हा बँकेत मी पण सह्या केल्या होत्या, फोटो पण लावला होता, पण ती फॉर्मॅलिटी आहे असं हे म्हणाले."

ताई,

ज्या गोष्टीला वेळ नाही तिचं उत्तर आधी देते. ते ६ लाख घेऊ नका. ट्रान्सफर नको, चेक नको, रोख तर मुळीच नको, आणि कंपनीच्या खात्यातून परस्पर मुलीच्या कॉलेजची फी भरणं किंवा तुमच्या गोल्ड लोनचे हप्ते भरणं, तेही नको, कारण कायद्याच्या नजरेत ते तुम्हाला दिल्यासारखंच आहे. तुमच्या मिस्टरांना तुमची काळजी आहे हे पत्रातून दिसतं आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं तुम्हाला जड जाणार, तेव्हा नाही का म्हणायचं ते नीट समजून घ्या, म्हणजे त्यांनाही समजावता येईल.

सीसी लिमिट असते तेव्हा गोडाउनमधला कच्चा माल, तयार माल, येणी, आणि बहुतेक करारांत भंगारसुद्धा बँकेकडे हायपोथिकेट असतं, म्हणजे माल तुमच्या शेडमध्ये पण हक्क बँकेचा. तो विकून आलेला पैसा सीसी खात्यात जायला हवा. खातं एनपीए झाल्यावर तो पैसा बायकोच्या खात्यात गेला तर बँक त्याला काय म्हणेल ते मी वेगळं सांगायला नको. रोख दिला तर आणखी एक भानगड, २० हजार किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीत परत करायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा बसतो.

आता मुख्य गोष्ट. २०१६चा इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, त्याच्या कलम ४३ मध्ये अशी तरतूद आहे की कंपनी दिवाळखोरीत जायच्या आधीच्या काळात एखाद्या देणेकऱ्याला, म्हणजे ज्याचं कंपनीकडे येणं आहे त्याला, जुन्या कर्जापोटी पैसे देऊन बाकीच्यांच्या पुढे काढलं असेल तर ते पैसे परत मागता येतात. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत मागचं १ वर्ष बघतात. जवळच्या माणसाच्या बाबतीत २ वर्षं. आणि डायरेक्टरची बायको ही कायद्याने जवळचीच, रिलेटेड पार्टी, त्यात वाद नाही. रोजच्या धंद्याच्या ओघात झालेल्या व्यवहाराला सूट असते पण एनपीएनंतर भंगार विकून बायकोला ६ लाख देणं हा रोजच्या धंद्याचा ओघ आहे असं कुठलाही वकील छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मनात काही वाईट नव्हतं, मुलीच्या फीसाठीच घेतले, हेही कामाला येत नाही, कारण जेपी इन्फ्राटेकच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की कलमातल्या अटी जुळल्या की हेतू काय होता ते बघायचं नाही.

म्हणजे होईल असं की आज तुम्ही ६ लाख घ्याल, फी भराल, आणि वर्षा-दीड वर्षाने अहमदाबादच्या एनसीएलटीतून, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केसेस चालतात त्या न्यायाधिकरणातून, ऑर्डर येईल की ते परत भरा, तेव्हा ते खर्च झालेले असतील. आणि मिस्टरांना हे जरूर सांगा की यात अडकणार फक्त तुम्ही नाही, डायरेक्टर म्हणून पैसे देणारे ते आहेत, देणेकऱ्यांना फसवायच्या हेतूने मालमत्ता हलवली असं ठरलं तर त्यांच्यावर त्याच कायद्यात फौजदारी कलमं आहेत. "मी घेत नाहीये ते तुमच्यासाठीसुद्धा" असं म्हणालात तर ते ऐकतील असं मला वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, मी सावकार आहे का. हो, आहात. सासूबाईंचं म्हणणं घरापुरतं ठीक, पण कंपनी म्हणजे तुमचे मिस्टर नव्हेत, ती कायद्याने वेगळी व्यक्ती, आणि तुम्ही तिला पैसे दिलेत. व्याज घेतलं नाही म्हणून काही बिघडत नाही, बिनव्याजी कर्जसुद्धा फायनान्शियल डेट, म्हणजे उसन्या पैशाचं देणं, होऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ऑरेटर मार्केटिंगच्या केसमध्ये म्हटलंय. आणि ते ९ लाख माहेरचे, त्या पाटल्या-तोडे तुमचे, हे तर घरातही स्पष्ट व्हायला हवं. स्त्रीधन बायकोचं एकटीचं असतं हे १९८५ पासून कोर्ट सांगत आलंय आणि २०२४ मध्ये परत सांगितलं की नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची त्याची नैतिक जबाबदारी राहते. पण हे सगळं नवरा-बायकोमधलं झालं, सप्लायर आणि बँक यांना तुमच्या स्त्रीधनाशी देणंघेणं नसतं, त्यांच्यापुढे तुम्ही फक्त कंपनीच्या एक देणेकरी, त्यातही जवळच्या, म्हणून जरा संशयाने बघितल्या जाणाऱ्या.

हा संशय कुठे कुठे दिसतो ते सांगते. कंपनी एनसीएलटीत गेली की देणेकऱ्यांची कमिटी बसते, कंपनी विकायची की बंद करायची ते ही कमिटी मत देऊन ठरवते. तुमचा क्लेम मंजूर झाला तरी त्या कमिटीत तुम्हाला बसता येणार नाही, मतही नाही. कारण सरळ आहे, नाहीतर प्रत्येक मालक बायको, भाऊ, मेव्हण्याच्या नावावर खोटी कर्जं दाखवून स्वतःच कमिटी ताब्यात घेईल, आणि असे प्रकार झालेतही. पुढे कोणी कंपनी घ्यायला आला आणि त्याने प्लॅन दिला, तर त्यात घरच्या लोकांच्या अनसिक्युअर्ड, म्हणजे बिनतारण, कर्जाला बाकीच्यांपेक्षा कमी किंवा शून्य दाखवलेलं असू शकतं, आणि ते टिकतं.

कंपनी विकून बंद करायची वेळ आली तर मात्र चित्र थोडं वेगळं आहे, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. पैसे वाटायचा क्रम कलम ५३ मध्ये दिलाय. आधी त्या प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे २४ महिन्यांचे देणे आणि तारण सोडून दिलेल्या बँका एका रांगेत, मग बाकी स्टाफचे १२ महिन्यांचे पगार, मग अनसिक्युअर्ड फायनान्शियल देणेकरी. तुम्ही इथे, चौथ्या पायरीवर, सरकारी देण्यांच्याही वर आणि सप्लायरच्याही वर. बायको म्हणून तुम्हाला खाली ढकललेलं नाही. इंग्लंडमध्ये माणूस स्वतः दिवाळखोर झाला तर १९८६च्या कायद्याप्रमाणे त्याच्या बायकोने किंवा नवऱ्याने दिलेलं कर्ज बाकी सगळ्यांचं व्याजासकट फिटल्यावर मग विचारात घेतात, तसं आपल्या कलम ५३ मध्ये नाही. पण ताई, कागदावरचा नंबर आणि हातात येणारा पैसा यात फरक पडतो. फॅब्रिकेशनच्या शेडमधलं वापरलेलं प्रेस ब्रेक, शिअरिंग मशीन, वेल्डिंग सेट यांचं लिलावात काय येतं ते तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यातून बँकेचंच भागत नसेल तर चौथ्या पायरीपर्यंत काही उतरत नाही. म्हणून घरचं बजेट करताना हे १८ लाख येणार नाहीत असंच धरून करा. क्लेम मात्र नक्की लावा.

इथेच दिरांच्या शेअरच्या प्रस्तावाचं उत्तर मिळतं. आज तुम्ही चौथ्या पायरीवर आहात, शेअर घेतले की सगळ्यात शेवटच्या पायरीवर जाल, जिथे काही पोचत नाही. वर शेअरहोल्डर झालात म्हणून उद्या डायरेक्टरही करतील. बॅलन्सशीट बरी दिसून बँक लिमिट परत चालू करेल अशी वेळ आता गेलेली आहे, एनपीए खात्याला त्याने काही होत नाही. यावर सही करू नका.

आता कागद. क्लेम लावायचा तर कर्ज होतं हे दाखवावं लागेल. बँक स्टेटमेंटने एवढंच कळतं की पैसे गेले, कशासाठी गेले ते नाही. कंपनीच्या बॅलन्सशीटमध्ये अनसिक्युअर्ड लोन फ्रॉम डायरेक्टर्स अँड रिलेटिव्हज अशी ओळ असते, तुमचे पैसे त्या ओळीत आहेत की शेअर ॲप्लिकेशन मनीमध्ये टाकलेत की दिरांच्या लेजरमध्ये मिसळलेत ते बघा. सीएभाईंकडून तुमच्या नावाचं लेजर २०१७ पासून आजपर्यंतचं मागा, सहीशिक्क्यासकट. ते टाळाटाळ करत असतील तर एमसीएच्या (कंपनी कामकाज मंत्रालयाच्या) साइटवर कंपनीची दरवर्षी फाइल केलेली बॅलन्सशीट १०० रुपये फी भरून कोणालाही बघता येते, तुम्हालाही.

हे मुदतीसाठीही लागेल. परतीची तारीख न ठरवता दिलेल्या कर्जाची मुदत ३ वर्षं, म्हणजे २०१७चे ९ लाख नुसते बघितले तर कधीच मुदतबाह्य झालेत. पण मधल्या काळात, मुदत संपायच्या आत, कंपनीने लेखी सही करून देणं कबूल केलं असेल तर तिथून ३ वर्षं नवी मोजतात, आणि बॅलन्सशीटमधली नोंद अशी कबुली धरता येते असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलंय, अर्थात त्या नोंदीत आणि खालच्या टिपांमध्ये नक्की काय लिहिलंय त्यावर आहे. म्हणून एकही वर्ष न सोडता सगळ्या बॅलन्सशीट हव्यात. आणि एक कळकळीने सांगते, कोणी म्हणेल की चल २०१७च्या तारखेचा करार करून ठेवू, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. ई-स्टॅम्पवर तारीख आणि वेळ छापलेली असते, मागच्या तारखेचा कागद पहिल्याच तपासणीत पडतो आणि मग तुमचं खरं कर्जही खोटं वाटायला लागतं. जे आहे तेवढंच दाखवा.

गोल्ड लोनच्या ५ लाखांचं वेगळं बोलायला हवं. प्रायव्हेट कंपनीला डायरेक्टरच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात आणि ते डिपॉझिट धरत नाहीत, पण त्यासाठी पैसे देणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की हे पैसे मी दुसऱ्याकडून कर्ज काढून आणलेले नाहीत. बहुतेक घरांत हा एका परिच्छेदाचा कागद सीएच्या ऑफिसातला मुलगा घेऊन येतो आणि आपण चहा ठेवता ठेवता सही करतो. तुम्ही तशी सही केली असेल तर ९ आणि ४ लाखांबद्दल ते खरं आहे, ५ लाखांबद्दल नाही. म्हणून तुमचं कर्ज कर्ज राहत नाही असं नाही, पण कंपनीच्या बाजूने नियम मोडलेला आहे आणि विचारलं तर खरं सांगायचं. ही गोष्ट आधी तुमच्या वकिलाला सांगा, समोरच्याने शोधून काढायची वाट बघू नका. आणि व्यवहारात, ते गोल्ड लोन तुमच्या एकटीच्या नावावर आहे, कंपनी बुडाली तरी ते फेडायचं तुम्हालाच आणि थकलं तर लिलाव तुमच्या पाटल्यांचा, तेव्हा पगारातून जे बाजूला पडेल ते आधी तिकडे जाऊ दे.

आता ती शेवटची ओळ, २०२१ची सही. तुम्ही अख्खं पत्र १८ लाखांवर लिहिलंत आणि मला मात्र झोप उडवणारी ती ओळ वाटली. फोटो लावून सही घेतली म्हणजे बहुतेक पर्सनल गॅरंटीच असणार. आणि गॅरंटी असेल तर १८ लाख गेले इथे गोष्ट संपत नाही, बँकेची अख्खी थकबाकी तुमच्याकडूनही मागता येते. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराएवढीच. कंपनी एनसीएलटीत गेली की कंपनीविरुद्धची वसुली थांबते, जामीनदाराविरुद्धची थांबत नाही. इतकंच काय, कंपनीच्या जामीनदारावर वैयक्तिक दिवाळखोरीची केसही १ डिसेंबर २०१९ पासून करता येते, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ललित कुमार जैन केसमध्ये ते कायम केलं. त्यात बायको जामीनदार म्हणून सूट नाही.

तेव्हा या आठवड्यात बँकेत एक अर्ज द्या, तुमच्या नावाने, की मी सही केलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती द्या. सँक्शन लेटर हातात आलं की शांतपणे तीन गोष्टी शोधा. जामीनदारांच्या यादीत तुमचं नाव आहे का. कोलॅटरलमध्ये तुमचा राहता फ्लॅट लिहिलाय का, कारण तारण असेल तर बँक सरफेसी या वसुलीच्या कायद्याखाली कोर्टात न जाता ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घ्यायला निघू शकते. आणि अटींमध्ये बहुधा खालच्या बाजूला एक वाक्य असतं की प्रमोटर आणि नातेवाइकांची अनसिक्युअर्ड लोन बँकेची लिमिट चालू असेपर्यंत काढून घेतली जाणार नाहीत. त्याचं वेगळं पत्रही घेतात. त्यावर तुमची सही असेल तर ते ६ लाख घेणं हा बँकेशी केलेल्या कराराचाही भंग झाला असता.

गॅरंटी निघाली तर काय करायचं? जे देणं आधीच झालंय त्यातून सुटका नाही, पण पुढच्या व्यवहारांपुरती चालू गॅरंटी नोटीस देऊन मागे घेता येते, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये कलम १३० आहे. बँकेच्या छापील फॉर्ममध्ये याच्या उलट काही लिहिलं असू शकतं, वकिलाकडून वाचून घ्या आणि मग नोटीस पाठवा. लिमिट रिन्यू किंवा रिस्ट्रक्चर करायचं म्हणून नवीन कागद पुढे आले तर ते न वाचता सही करू नका, "फक्त रिन्युअल आहे" असं म्हणाले तरी. तिघे जामीनदार असाल तर बँक कोणा एकाकडूनही पूर्ण मागू शकते पण आपापसात तिघांचा वाटा सारखा, हे दिरांच्या कानावर घालून ठेवा. आणि घाबरून फ्लॅट मुलीच्या किंवा भावाच्या नावावर करायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा, देणेकऱ्यांना टाळण्यासाठी केलेलं हस्तांतर रद्द होतं आणि तुमच्या बाजूची सहानुभूती संपते.

तुम्हाला रात्री जी भीती वाटत असेल, की आता अंगावरचंही जाईल, त्याबद्दल थोडं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० म्हणतं की कोर्टाच्या हुकुमाच्या वसुलीत स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने जप्त करता येत नाहीत. म्हणजे मंगळसूत्र तुमचंच. पाटल्या-तोड्यांचं तसं धरता येणार नाही. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश याला हात लागत नाही, पीएफ आणि पीपीएफही सुरक्षित. नोकरी टिकवा ताई, या सगळ्यात तुमचा पगार हीच घरातली एक जागा आहे जिथे कायदा तुमच्या बाजूने भक्कम उभा आहे.

अशीच पत्रं दुसऱ्या घरांतूनही येतात म्हणून थोडं वेगळ्या परिस्थितीबद्दल लिहिते. नवऱ्याची प्रोप्रायटरी पेढी असेल तर पेढी म्हणजे नवराच, त्याच्या देण्यांना आयबीसी अजून लागू झालेला नाही, तिथे १९२०चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट चालतो आणि केस जिल्हा कोर्टात जाते, वडोदऱ्यात ते आता दिवाळीपुऱ्यात आहे. तो कायदा इतका जुना आहे की ५०० रुपयांच्या देण्यावर अर्ज करता येतो. त्यातही बायको देणेकरी म्हणून उभी राहू शकते, पण नवऱ्याने मागच्या २ वर्षांत मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेली मालमत्ता परत खेचता येते. पार्टनरशिप फर्म असेल आणि तुमचं नाव पार्टनर म्हणून असेल, टॅक्ससाठी किंवा दुकानाच्या लायसन्ससाठी असं कितीतरी घरांत असतं, तर परिस्थिती कठीण, कारण पार्टनरची जबाबदारी अमर्याद आणि १९३२च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्यांची देणी पूर्ण फिटल्यावर मग पार्टनरने दिलेल्या उसन्या पैशाचा नंबर. आणि कंपनीत कोणी तुम्हाला न सांगता डायरेक्टर केलंय का ते एमसीएच्या साइटवर एकदा बघाच, थकलेला जीएसटी काही वेळा डायरेक्टरकडूनही वसूल होतो.

ज्यांचा धंदा अजून नीट चाललाय त्या बायकांना माझं सांगणं, पैसे द्यायचे तर द्या, घरासाठी आपण देणारच, पण स्वतःच्या खात्यातून द्या, एक पानाचा करार तारीख आणि परतीच्या मुदतीसकट करा, व्याज थोडं का होईना घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा, दर ३१ मार्चला बॅलन्स कन्फर्मेशनवर कंपनीची सही घ्या. नवऱ्याला म्हणावं, विश्वास नाही म्हणून हे करत नाहीये, उद्या तिसरा माणूस विचारायला आला तर त्याला दाखवायला हवं म्हणून. आणि नवरा आयुर्विमा घेत असेल तर १८७४च्या मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्यायला सांगा, तो विमा बायको-मुलांसाठी ट्रस्ट होतो आणि देणेकऱ्यांपासून वेगळा राहतो. फॉर्म भरतानाच ते निवडावं लागतं, जुन्या पॉलिसीला मागाहून जोडता येत नाही.

परत तुमच्याकडे येते. सप्लायरच्या नोटिसीला १० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नोटीस पोचल्यापासून. माल खराब आला, रकमेचा आधीपासून वाद होता, त्याच्या मेल किंवा डेबिट नोट्स आहेत, असं काही खरंच असेल तर ते या १० दिवसांत लेखी जायला हवं. आणि देणं खरंच असेल तर हप्त्यांची बोलणी आत्ता करा, कारण १ कोटीच्या वर थकबाकी असली की त्याला एनसीएलटीत जाता येतं. एकदा केस दाखल करून घेतली की पेपरात जाहीर सूचना येते आणि क्लेमसाठी साधारण १४ दिवस देतात, तुम्ही भरायचा तो फॉर्म सी. ती सूचना कंपनीतलं कोणी तुम्हाला आणून दाखवेल या भरवशावर राहू नका.

सीएभाई कंपनीचे आहेत, त्यांना तुमचं आणि कंपनीचं हित एकाच वेळी बघता येणार नाही, म्हणून स्वतःचा वकील हवा. फीची काळजी असेल तर १९८७च्या कायद्याने बाईला कमाई कितीही असली तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना लेजर, बँक स्टेटमेंट, गोल्ड लोनची पावती आणि सँक्शन लेटर घेऊन जा. घरी सांगून जा, लपवून नको. कायद्यात अलीकडे काय बदललं, आकडे तेच आहेत का, तेही त्यांच्याकडून एकदा ताजं करून घ्या, हा कायदा वरचेवर दुरुस्त होतो.

मुलीच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज बघा. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. कॉलेज पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, ते पोर्टलवर लगेच कळतं. तुमची गॅरंटी निघाली तर तुमच्या सिबिलवर कंपनीचं थकलेलं खातं दिसायला लागेल आणि सहअर्जदार म्हणून तुमचं नाव अडेल, म्हणून तुमचा रिपोर्ट आधी काढून बघा, आणि तसं दिसलं तर तुमच्या भावाला किंवा ज्यांचं या कंपनीशी काही देणंघेणं नाही अशा कोणाला तरी आत्ताच विचारून ठेवा.